आपाच्या गल्ल्या

माझ्या आपावर, थोरल्या बहिणीवर, अन्याय झाला तो लातुरात, तिच्या बारावीच्या निकालाच्या दुपारी. आज मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तार जोडताना निघणारा सोल्डरचा धूर नाकात गेला आणि ती दुपार परत आली.

अब्बांचं घड्याळांचं दुकान, तिथंही असाच धूर असायचा. आपा त्यांचं भिंग डोळ्याला लावून कॉम्प्युटरची झाकण काढलेली जुनी चिप, प्रोसेसर, बघत होती.

"अब्बा, आत गल्ल्याच गल्ल्या हायत. नव्या चिपमध्ये याहून बारीक असतात. मला त्या आखायला शिकायचंय."

"त्या गल्ल्यांतली घरं भूकंपात पडणार न्हाईत ना?" अब्बा हसले. गिऱ्हाइकंही हसली.

मेडिकलला मार्क कमी पडले म्हणून त्याच संध्याकाळी तिला पुन्हा परीक्षा द्यायला रिपीटर बॅचला घातलं. तिनं भिंग पुसून जागेवर ठेवलं. त्यानंतर तिनं काहीच मागितलं नाही.

पोरीची फी भरण्याआधी तिला काय शिकायचंय ते विचारा. आणि तिचं बोलून होईपर्यंत हसू नका.