बाबांनी काढलेले बाण

मी इथे फारसं लिहीत नाही, पण आज लिहावंसं वाटलं.

माझे बाबा झाशीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी वहीत सर्पिल आकाशगंगा काढली होती. तिच्यातला वायू दाखवणारे बाण तिच्या वळणदार भुजांच्या लांबीने जाण्याऐवजी त्यांना आडवे छेदून पलीकडे जात होते. मी म्हटलं, "बाबा, बाण चुकलेत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. आता त्यांना समजत नाही, असं मी धरून चालले. पुन्हा वही हातात दिली नाही.

आज त्यांची जुनी विद्यार्थिनी बरुआसागरहून भेटायला आली. मी ते चित्र दाखवलं.

"दीदी, ये तो बिल्कुल सही है," ती म्हणाली. "गैस भुजा में आती है, दबती है, तारे बनते हैं, बाकी गैस आगे निकल जाती है. भुजा का आकार बना रहता है. हम ग़लत बनाते थे तो सर पूरा पन्ना दोबारा बनवाते थे!"

ती हसली. मला हसता आलं नाही.

"असे का काढलेत, बाबा?" एवढंच मी विचारायला हवं होतं. तुमच्या घरी कोणी आजारी असेल, तर तुम्ही विचाराल ना?