जामीनदाराचा डबा

आमच्या दवाखान्यात दोन माणसांची मैत्री किती पक्की आहे हे बघायचं असेल, तर ती एकमेकांना जामीन आहेत का एवढंच विचारायचं. पगारदारांच्या पतसंस्थेतून कर्ज काढायला दोन जामीनदार लागतात, आणि तेही पगारदारच लागतात. त्यामुळे अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात निम्मे लोक उरलेल्या निम्म्यांना जामीन असतात. सही मागणारा आधी चहा पाजतो, मग कागद पुढे करतो. सही करणाऱ्याने कागद वाचायचा नसतो. वाचलाच तर समोरच्याला राग येतो.

मी तिथे प्रयोगशाळेत रक्तलघवी तपासते. माझ्या कर्जाला पहिली सही अक्काची होती. अक्का म्हणजे वॉर्डातली सिस्टर, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, गेवराईकडच्या शेतकरी घरातली. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जेवणाच्या खोलीत डबा घेऊन उभी होते, कुठे बसावं कळत नव्हतं. आडनाव ऐकून हळूच डबा पलीकडे ओढणारे लोक मी तोवर पुष्कळ पाहिले होते. अक्काने आपला डबा ओढला तो माझ्याकडे, आणि न विचारता माझ्या वाटीतली डाळ स्वतःच्या भाकरीवर ओतून घेतली. "मीठ कमी हाय," असंही वर म्हणाली. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकाच बाकावर जेवायचो.

कर्ज घराच्या वरच्या मजल्यासाठी होतं. खाली मी आणि आई, वर भाऊ-भावजय, असा बेत. भावाने निम्मे हप्ते भरायचं कबूल केलं होतं. स्लॅब झाला, रंग झाला, आणि त्याला पुण्याला नोकरी लागली. पहिल्या वर्षी तो पैसे पाठवायचा, दुसऱ्या वर्षी कारणं पाठवायचा, आणि मग माझा फोन उचलेनासा झाला. मी स्वभावाने तापट आहे. एकदा त्याला बोलायचं ते सगळं बोलून घेतलं आणि पुन्हा फोन केला नाही. त्याने माझं समाधान झालं, हप्ता काही भरला गेला नाही.

त्यात आईला अर्धांगवायू झाला. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, सगळं माझ्यावर. आधी हक्काची रजा संपली, मग बिनपगारी घेतली. पगारच नाही म्हटल्यावर संस्थेचा हप्ता कशातून कापणार? कानातलं गहाण ठेवून आईची औषधं आणली, ते सोडवायला शेजारणीकडून उसने घेतले, शेजारणीला द्यायला पुन्हा दुसरीकडे हात पसरला. याची टोपी त्याला घालता घालता डोकं उघडं पडलं ते पडलंच.

त्या दिवसांत अक्का एकदा घरी आली. आईच्या उशाशी बसून तिचे पाय चेपले, माझ्या हातचा चहा प्यायली, आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून ठेवला. धपाटे होते, दह्यात भिजवलेल्या पिठाचे, आईला चावतील इतके मऊ. डब्याच्या झाकणावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. "डबा ऱ्हाऊ दे, मागनं आण," म्हणाली. पैशांचं अवाक्षर तिने काढलं नाही. आईने एक धपाटा सबंध खाल्ला, मला फार बरं वाटलं होतं. पुढच्या महिन्यात आई गेली.

सगळं उरकून कामावर रुजू झाले. दुपारी जेवणाच्या खोलीत गेले तर अक्का नव्हती. तिने दुसऱ्या इमारतीत ड्यूटी मागून घेतली होती. आठवडाभर मी बाकावर जागा धरून बसले. मग संस्थेच्या शाखेत गेले, थकबाकी किती झाली ते बघायला. तिथला वसुलीचा माणूस जुना ओळखीचा.

"मॅडम, तुमचं तर चालूच हाय की. जामीनदाराच्या पगारातून कापतोय आमी."

"कुणाच्या?"

"सिस्टरच्या. दुसरे जामीनदार रिटायर झाले न्हवं का. तुमाला बोलल्या न्हाईत त्या?"

पुढचं त्यानेच सांगितलं. तिचं कापणं माझ्या बिनपगारी रजेच्या दुसऱ्याच महिन्यात सुरू झालं होतं. म्हणजे धपाटे घेऊन आली तेव्हाही चालू होतं. शिवाय उरलेल्या थकबाकीसाठी संस्थेने बीडला दावा लावला होता; माझी नोटीस आईच्या आजारपणात घरी न उघडता पडली होती, आणि जामीनदार म्हणून तिची नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर गेली होती. गावात कोर्टाचा कागद घेऊन माणूस आला की तो कागद घरात पोचायच्या आधी बातमी पारावर पोचते. त्या घरी तिला काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार करकरून मी रात्रंदिवस स्वतःला खात होते.

तिला जाऊन भेटायला हवं होतं. पण हातात द्यायला काही नव्हतं, आणि नुसतं तोंड घेऊन जायची लाज वाटली. डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवला होता. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. भरून न्यावा तर वाटायचं, हिचा पगार कापवला आणि आता लाडू घेऊन समजूत काढायला आली, असं होईल. डबा ओट्यावरून फडताळात गेला.

दवाखान्यातल्याच एका क्लार्कबाईने लोकअदालतीचं सांगितलं. तिथे तडजोड होते, दंडव्याज सुटतं, झेपतील असे हप्ते बांधून मिळतात. मी एसटीने बीडला गेले. कोर्टाच्या मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलापुढे माझ्यासारखी माणसं खुर्चीच्या कडेला बसलेली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वीजबिलवाले, बँकवाले, संस्थावाले, सगळ्यांची गर्दी, आणि तरी मला एवढं एकटं क्वचित वाटलं असेल. शेजारची बाई जोडीला नवरा घेऊन आली होती. तो सारखा तिच्यावर खेकसत होता, आणि मला तिचासुद्धा हेवा वाटला.

टेबलामागे न्यायाधीश मॅडम होत्या, बाजूला एक वकील. संस्थेचा वकील दंडव्याज सोडायला तयार झाला. हप्ता माझ्या पगारातून कापायचा असं ठरलं, जामीनदाराचं कापणं त्याच दिवसापासून बंद. मॅडमनी विचारलं, आणखी काही म्हणायचंय का? मी म्हणाले, "आधी जामीनदाराचे कापलेले पैसे परत करा. मग तुमचे घ्या."

संस्थेचा वकील हसला. "असं कुठं असतं का ताई? ते तुम्ही दोघींनी आपसांत बघायचं."

"आपसांत नको," मी म्हणाले. "कागदावर पाहिजे."

माझा आवाज चढला असणार, कारण आजूबाजूची दोन टेबलं गप्प झाली. मॅडमनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि संस्थेला विचारलं, तुमचं काय जातं? शेवटी तसं लिहिलं गेलं. माझे सुरुवातीचे हप्ते संस्थेमार्फत अक्काच्या खात्यावर, तिचं पुरतं फिटलं की पुढचे कर्जात. सही करताना मला इतका अभिमान वाटला की येताना मांजरसुंब्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून चहा प्यायले. तिचा एक पैसाही बुडणार नव्हता, आणि तोही कोर्टाच्या शिक्क्याने. याहून चोख वागणं कुठलं, असं मला वाटत होतं.

मग हप्त्यांची वर्षं सुरू झाली. वरचा मजला नर्सिंगच्या मुलींना भाड्याने दिला. त्या रविवारी गाणी लावायच्या, खिदळायच्या, आणि मी खाली एका माणसाचा कुकर लावायचे. लग्नाला जायचं तर आहेर हवा, म्हणून लग्नांना जाणं सोडलं. काही दिवसांनी पत्रिका येणंही थांबलं. चौदा एप्रिलची वर्गणी मागायला विहारातली पोरं यायची, मी देत असलेल्या नोटेकडे बघून "राहू द्या ताई, पुढच्या वर्षी द्या" म्हणायची. ती चांगुलपणाने म्हणायची हे कळत होतं, तरी दार लावून घेतल्यावर मी रडायचे. हप्ता मात्र एकही चुकला नाही. जेवणाच्या खोलीत आता नव्या मुली मोबाइल बघत जेवायच्या. मी प्रयोगशाळेमागच्या खिडकीत उभ्या उभ्या दोन घास खाऊन घ्यायचे.

मी वाट बघत होते ती अक्काच्या एका शब्दाची. तिच्या खात्यावर पैसे जात होते, ते तिला दिसत असणार. कधी जिन्यात समोर आली तर "बरी आहेस?" "बरी हाय," एवढंच. तिचे सगळे पैसे फिटले त्या महिन्यात मी मुद्दाम तिच्या इमारतीवरून दोनदा गेले. ती औषधांची ट्रॉली घेऊन वॉर्डात वळली. मला राग आला. हिला आणखी काय पाहिजे आहे, असं मी मनात म्हणाले. पुढे ती रिटायर झाली. निरोप समारंभाला मी दाराशी उभी होते. तिला शाल घातली, फोटो काढले, लोकांनी तिचं कौतुक केलं. माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तिला कुणीतरी गाडीत बसवलं.

शेवटचा हप्ता गेल्यावर संस्थेने काही बाकी नसल्याचा, बेबाकी दाखला घ्यायला बीडच्या कचेरीत बोलावलं. आदल्या दिवशी मी फडताळातून डबा काढला. दूध घालून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. आता माझ्याकडे कुणाचं काही निघत नाही, आता भरलेला डबा न्यायला हरकत नाही, असं मी स्वतःला बजावलं. दाखला पर्समध्ये घातला आणि बीडच्या स्टँडवर गेवराईची गाडी पकडली.

रिटायर झाल्यावर अक्का गेवराईजवळ सासरच्या गावी राहायला गेली होती; घर शोधायला त्रास पडला नाही. अक्का ओसरीत बसून तूर निवडत होती. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. मला बघून सूप खाली ठेवलं.

"बस," म्हणाली. आत हाक मारली, "पाणी आणा हो." तिचे यजमान पाणी ठेवून, मान हलवून निघून गेले.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून दाखला काढून तिच्यापुढे धरला. "अक्का, फिटलं सगळं."

तिने तो चष्म्याशिवायच पाहिला. "चांगलं झालं."

"तुझे तर आधीच—"

"आलते. मोबाइलवर मेसेज यायचा." ती पुन्हा तूर चिवडू लागली. "कोर्टातून पैसे धाडलेस मला. कावून गं? मी केस केलती का तुझ्यावर?"

मी चाचरत म्हणाले, "बुडू नयेत म्हणून."

"तू बुडवणार व्हतीस का?" आता तिचा आवाज चढला. "पगार कापला त्याचं मला काय न्हाई वाटलं. सही केली तवाच ठावं असतं, कापला तर आपलाच कापणार. घरचे बोलले, ते मी ऐकून घेतलं. पर तू कागदावर लिहून दिलंस, आदी हिचं चुकतं करा. मला वाटलं, हिला माझ्यासंगं आता काय ठेवायचंच न्हाई. मिटवून टाकलं हिनं."

"आणि तू? जेवायला यायचं तू बंद केलंस, अक्का. मी जागा धरून बसायचे."

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "तुझी आई गेलेली. त्यात मी समोर बसले असते, तर तुला माझ्या तोंडावर हप्ता दिसला असता. घास उतरला असता का तुला? म्हणून मी तिकडं गेलते. म्हणलं, हिचं जरा सावरलं की येईल डबा घेऊन."

मला रडू आवरेना. मी तिला चोख पैसे दिले होते, आणि ती तिकडे डब्याची वाट बघत होती. जिन्यात, वॉर्डाच्या दारात, निरोप समारंभात, एवढ्या वेळा आम्ही एकमेकींसमोरून गेलो आणि दोघीही घाबरून गप्प राहिलो. तिची नोकरी संपली. त्या बाकावर आम्ही आता कधीच बसणार नव्हतो, आणि हे मी तिला हुंदके देत सांगितलंसुद्धा.

"रडू नको. आणलायस का न्हाई?"

मी पिशवीतून डबा काढला. तिने झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला, उघडला, दशमीचा तुकडा मोडून चटणीत बुडवला आणि खाल्ला.

"मीठ कमी हाय," म्हणाली.

नंतर आम्ही दोघी तिथेच ओसरीत जेवलो. फार बोललो नाही, बोलायची सवय मोडली होती. मी निघाले तेव्हा ती आत गेली, चुलीपाशी बराच वेळ खुडबुड केली, आणि तोच डबा माझ्या पिशवीत ठेवला. "आता येवढी वर्षं लावू नको," म्हणाली. "आमी काय लई दिवस न्हाई."

एसटीत खिडकीची जागा मिळाली. डबा मांडीवर घेतला, तो अजून गरम होता. आता मला तो रिकामा परत करता येणार नव्हता.