उताराचा गिअर

नगरच्या लष्करी ड्रायव्हिंग ग्राउंडवर पहिल्याच दिवशी मी तीन टनी ट्रक तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आणायला गेलो आणि असा खरखराट झाला, की कुकहाऊसमधला लांगरी पळी घेऊन बाहेर आला. शेजारी हवालदार साबळे. शिकवायचे हिंदीत, पण मी कर्जतचा, ते श्रीगोंद्याचे, म्हणून माझी कानउघाडणी मराठीत व्हायची.

"दळान नंतर दळ. आधी गाडी शिक."

त्या जुन्या गाड्यांना खालचा गिअर घालायचा तर क्लच दोनदा दाबावा लागे. मध्ये न्यूट्रलला रेस द्यायची, नाहीतर दात दातांत बसत नसत. साबळे उस्तादांचा नियम होता, प्रत्येक वेळी तोंडानं म्हणायचं : क्लच, न्यूट्रल, सोड, रेस, क्लच, गिअर. मी जेवतानाही पुटपुटायचो. हजामतीला बसलो तरी डावा पाय दाबला जाई. न्हाव्यानं एकदा वस्तराच खाली ठेवला.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात लढाईची कुणकुण होती, रजा बंद होत्या. कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. राजूरकडच्या घाटात सराव चालू होता. उतरताना गाडी माझ्या हातात, मागे बाकीचे रिक्रूट, शेजारी उस्ताद. ब्रेक दाबला, पेडल तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, नुसता जळका वास आला.

"उस्ताद, ब्रेक नाही."

"गिअर हाय ना? म्हन."

खाली वळणावर बाजार करून परतणारी माणसं होती, बायांच्या डोक्यावर पाट्या. मी म्हणायला लागलो. चौथ्यावरून तिसरा पडला. इंजिन ओरडलं, गाडी जरा दबली. दुसऱ्याच्या वेळी जीभ कोरडी पडली, 'रेस' काही निघेना. तो शब्द उस्तादांनी म्हटला, माझ्या पायानं ऐकला. गिअर बसला. वळणाच्या अलीकडे गाडी डोंगराच्या अंगाला घासत थांबली.

उस्तादांनी चाकाखाली दगड लावला, बिडी काढली. मी पेटवून दिली.

"आज पीठ न्हाई सांडलं," एवढंच म्हणाले.

डिसेंबरात ते दारूगोळ्याच्या ट्रकवर सीमेला गेले. मला नवे रिक्रूट शिकवायला हाताशी म्हणून नगरलाच ठेवलं. गाड्या जाताना बघायच्या आणि बसल्याजागी पाय हलवायचा, एवढंच माझं युद्ध. एका सकाळी परेडला शहिदांच्या यादीत त्यांचं नाव वाचलं गेलं.

पुढल्या उन्हाळ्यात रजा मिळाली. कर्जतला जाताना एसटीत बायको शेजारी होती. ड्रायव्हरनं गिअर खाली घेतला की माझे ओठ हलत. कुणाचा जप चाललाय, तिनं विचारलं. मी घाटाची हकिगत सांगितली. श्रीगोंद्याला त्यांच्या घरी हे ठाऊक आहे का, तिनं विचारलं. म्हटलं, कसं असणार, उस्ताद स्वतःहून सांगणारे नव्हते.

"मग कर्जत उद्या बघू," ती म्हणाली. "ही गाडी श्रीगोंद्यावरून जाती न्हवं? तितंच उतरू. आन् तितं पुटपुटू नका. मोठ्यानं सांगा."