एका कोयत्यात दोन माणसं

सरांनी माझा प्रकल्प वर्गासमोर उंच धरला अन् संदर्भयादीतलं एक नाव लाल पेनानं खोडलं. माझ्या आईचं.

"अंगठेबहाद्दर बाई कधीपासून संदर्भ झाली?"

वर्ग हसला. मीबी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटती.

तवा मी एम.ए.ला होते. विषय आमच्या चकलांब्याचे ऊसतोड मजूर. सरांनी एक जाड पुस्तक दिलं, त्यातला तक्ता उतरून काढ म्हणले. तक्त्यात जितके कोयते तितकेच मजूर धरलेले. अरे, मुकादम माणसं ठरवतो ती जोडीनं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हे आमच्यात शेंबडं पोरगंबी सांगंल. लिवणाऱ्यानं एका कोयत्याला एक माणूस धरला अन् गावातल्या सगळ्या बाया गिळल्या. मी आईला विचारलं, तिच्या टोळीतल्या बायांना विचारलं अन् तक्ता नव्यानं केला.

सर म्हणले, छापलेला तक्ता घाल, न्हाई तर नापास.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला न्हाई तिचा.

"मंग एवढी वर्षं मी कारखान्यावर गेलतेच न्हाई का?"

तिला राग आला न्हाई. मला आला. लई आला.

दुसऱ्या दिवशी आईचं नाव परत लिवलं, गावासकट, भेटीच्या तारखेसकट. अन् सरांना विचारलं, "हा तक्ता करणारा उसाच्या फडात कवा गेलता, तेवढं पुस्तकात दाखवा." त्यांनी पानं चाळली. काई सापडलं न्हाई. मला नापास केलं. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मी तोच तक्ता, तीच यादी परत दिली. परीक्षक दुसरे होते, मी पास झाले.

आता एका कॉलेजच्या ग्रंथालयात हाय. माहिती कशी तपासायची ते नव्या पोरापोरींना शिकवते. पुस्तक असू दे, न्हाई तर मोबाईलवर आलेलं. कुणी सांगितलं, त्याला कसं ठाऊक, अन् कुणाला विचारलंच न्हाई, एवढं शोधायला लावते.

परवा प्राचार्यांनी बोलावलं. पोरं वर्गात सगळ्याच सरांना पुरावे मागायला लागलीत, तुमचा तास बंद करा म्हणले. मी कोरा कागद त्यांच्या पुढं सरकवला. "नावानिशी, कारणानिशी लिहून द्या, सर."

अजून दिलं न्हाई.

नोकरी कंत्राटी हाय. काढायचं तर काढतील. सोमवारी अकराला तास हाय, अन् मी घेणार. ग्रंथालयाला कुलूप घातलं तर पायरीवर घेणार.