मशीन पाण्यात बुडवायची नाही

आमच्या घरात कॉफी कुणी पीत नाही. नवरा चहा पितो, मी चहा पिते, सासूबाई दुधाला नावापुरता चहाचा रंग देऊन प्यायच्या. तरीही विजेवर चालणारा एक कॉफी पर्कोलेटर मी वर्षानुवर्षं सांभाळला. घरात त्याला सगळे मशीनच म्हणायचे.

ती माझ्या धाकट्या दिरांची. ते कॅनडात असतात. पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा घेऊन आले, कारण आमच्या अड्याळचा चहा त्यांना चालेना आणि पावडर ढवळून केलेली कॉफी ही कॉफीच नव्हे असं त्यांचं म्हणणं. तिकडची वीज वेगळी, म्हणून मशीनसोबत इथली वीज उतरवणारा एक जड लोखंडी खोकाही आणावा लागला. जाताना दोन्ही इथेच ठेवून गेले.

"वहिनी, नीट ठेवा हं. दरवर्षी लागेल."

पहिली काही वर्षं लागली. मग रजा मिळेना, मग मुलांच्या परीक्षा, मग काहीच कारण नाही, नुसतं "बघतो". पण फोनवर "येतो" म्हणायचं त्यांनी सोडलं नाही. आणि ते "येतो" म्हणाले की सासूबाई फोन ठेवायच्या आधी मला हाक मारायच्या.

"मशीन काढ वं. लहाना येऊन राहिला."

की मी स्टुलावर चढून फळीवरून मशीन काढायची.

एक उंच भांडं, त्याच्या बुडात वीज. आत उभी पोकळ दांडी, दांडीवर भोकाभोकांची टोपली, टोपलीत कॉफी. पाणी तापलं की दांडीतून वर चढतं, टोपलीवर सांडतं, गळून खाली येतं, पुन्हा चढतं. झाकणाला काचेची बोंडी आहे, तिच्यावर पाणी आपटताना दिसतं. त्याची गुडगुड आमच्या घरात दारापर्यंत ऐकू जाते.

वापरली नाही तरी अशी वस्तू साफ करावीच लागते. कॉफीचं तेल टोपलीच्या भोकांत बसतं आणि पुढे खवट वास मारतं. त्याला गरम पाण्यात खायचा सोडा. दांडीत हात जात नाही, म्हणून लांब काडीला सुती चिंधी गुंडाळून आतून फिरवायची. आमचं पाणी बोअरचं, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरतं. त्याला निंबूसत्व. ते आमच्याच किराणा दुकानातून आणायचं, पाण्यात टाकायचं, कॉफी न घालता मशीन चालवायची, थंड होऊ द्यायची, ओतून द्यायची. मग साध्या पाण्यावर दोनदा चालवायची, नाहीतर आंबट राहते. राख लावायची नाही, चरे पडतात. झाकण उघडं ठेवून वाळवायची. आणि बूड पाण्यात घालायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, बस.

या शेवटच्या गोष्टीवरून माझी नणंद मला चिडवायची. ती दिघोरीला दिलेली, धानाचा हंगाम आटोपला की चार दिवस माहेरी यायची.

"काय वं वहिनी, भांड्याले अंघोळ नाही? नुसतं तोंड पुसून राहिली त्याचं?"

"विजेचं आहे ते, ताई."

"विजेचं असो का पितळेचं. पाण्यात बुडालं नाही त खरकटंच राहते ते."

सासूबाई मध्ये पडायच्या. "तू हात नोको लावू. माह्या लेकाची मशीन आहे ते." मी हात लावलेला चालायचा. साफ करायला कुणीतरी पाहिजेच होतं.

मशीन ओट्यावर आली की सासूबाई डोक्यावरून न्हायच्या, केसांना तेल लावायच्या, चांगलं लुगडं काढून ठेवायच्या. दीर आले नाहीत की लुगडं परत पेटीत आणि मशीन परत फळीवर. नवरा दुकानात निघून जायचा.

पुढे सासूबाई न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या उठल्याच नाहीत. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्यांची खाट टाकली. त्यांचं सगळं अंथरुणातच मी केलं. हौस म्हणून नाही. घरात मी होते म्हणून केलं. दीर व्हिडिओवर दिसायचे. "आई, येतो मी. नक्की येतो." त्यांच्या मागे खिडकी, खिडकीत बर्फ. सासूबाई पडद्याला बोट लावायच्या आणि फोन बंद व्हायचा.

"लहान्याले डोळ्यानं पाहू दे," त्या देवाला म्हणायच्या, "मंग नेजो मले." दुसरं काही मागत नव्हत्या. जेवणसुद्धा मागत नव्हत्या.

मग फोन आला की तिकीट काढलं. या वेळी तारीख सांगितली, तेव्हा मलाही वाटलं की येतील. मशीन काढली. तळाला थर होताच. निंबूसत्वाचं पाणी भरलं, खोका जोडला, बटण दाबलं आणि कणीक मळायला बसले. थोड्या वेळानं गुडगुड सुरू झाली.

आतून आवाज आला, "आला का?"

मी हात धुऊन गेले. सासूबाईंनी कोपरावर जोर देऊन डोकं वर उचललं होतं. कित्येक दिवसांत उचललं नव्हतं.

"आला का लहाना? लुगडं दे माहं."

"भाऊजी नाही आले आई. मशीन साफ करून राहिली मी."

"चालू आहे ना?"

"साफ कराले चालू केली."

"रिकामी?"

"रिकामी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोकं खाली टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "बंद कर मंग," म्हणाल्या.

मी बंद केली. साध्या पाण्यावर दोनदा चालवायची राहिली होती, ती राहिलीच. भांडं नुसतं विसळून ठेवलं.

त्या तारखेला दीर आले नाहीत. ऑफिसात काम निघालं, तिकीट पुढे ढकललं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. त्यानंतर त्यांनी मशीनचं नाव काढलं नाही. नवीन तारीख यायच्या आधीच त्या गेल्या.

अग्नी नवऱ्यानं दिला.

दहाव्याला सुतक फिटतं. घर धुवायचं, घरातलं प्रत्येक भांडं बाहेर काढून घासायचं, अशी रीत. नणंद आणि शेजारच्या बायका सकाळपासून अंगणात बसल्या होत्या. मी डोक्यावरून न्हाऊन आले तर गंगाळ, तांबे, पराती उन्हात पालथ्या घातलेल्या, आणि त्यांच्या रांगेत मशीनसुद्धा. राखेनं लख्ख घासलेली. बुडातून पाणी गळत होतं.

बोलून पाणी बाहेर येणार नव्हतं. मशीन सरळ केली आणि उन्हात ठेवली.

दीर तेरवीच्या आदल्या दिवशी पोचले. आईच्या फोटोपुढे बराच वेळ बसले, रडले. मग स्वयंपाकघरात आले. मी तेरवीच्या तांदळात खडे बघत होते. मशीन अजून वाळली नसेल, हे मी सांगायच्या आत त्यांनी खोका जोडून बटण दाबलं होतं. फट आवाज झाला आणि घरातली लाइट गेली.

"वहिनी, कुणी बघितलेलं दिसत नाही हिच्याकडे," ते म्हणाले. "जरा मेन्टेन करायला पाहिजे होती."

नणंद दारातून म्हणाली, "मी स्वतः घासली रे! आरशासारखी केली."

"पाण्यात बुडवली, ताई?"

"मंग! सुतक होतं ना घरात. तू नव्हता, तुले काय माहीत?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. दिरांनी वायर गुंडाळायला घेतली.

"शेवटची चालवली तेव्हा नीट होती ना?" त्यांनी मला विचारलं.

"नीट होती. आईंनी आवाज ऐकला. विचारलं, आला का."

वायर गुंडाळायची थांबली. "मग तुम्ही काय सांगितलं?"

"नाही म्हटलं."

नवरा फ्यूज बांधून आला, लाइट आली. मी चहा ठेवला. दिरांनी घेतला, साखर मागून घेतली, पूर्ण प्यायला.

जायच्या दिवशी बॅग उचलताना म्हणाले, "पुढच्या वेळी नवीन घेऊन येतो."

"आणू नका," मी म्हटलं. "काढ म्हणणारं आता कुणी नाही इथं."

ते गेल्यावर भांडं आणि खोका मी भंगारवाल्याला देऊन टाकला. टोपली तेवढी ठेवली. भिजवलेली लाखोरीची डाळ निथळायला ती चांगली आहे.