पदराआडचा श्वास

आमच्या हिंगणीच्या नाटकमंडळीत वासुदेवराव राणी व्हायचा आणि मी राजा. त्या काळी गावच्या नाटकात बाया काम करत नसत. मिशी काढून, आपल्याच बायकोचं हिरवं लुगडं नेसून तो पेट्रोमॅक्सच्या उजेडात आला, की पुढे बसलेली म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसत. त्याची बायको देवकाबाई अजून म्हणते, "माह्या लुगड्यात माह्यापेक्षा हेच देखणे दिसत, भाऊजी!"

दिवसा तो शेतकरी. कापूस आणि तूर, दोन बैल, आणि रानडुकरांवर ओरडायला खणखणीत गळा. नाटकं बंद पडली, मी वर्ध्याला मुलाकडे राहायला गेलो, पण आमची जोडी काही मोडली नाही. भेटलो की तो मला महाराज म्हणे, मी त्याला राणीसाहेब.

त्या नाटकात राणीचं एक लांबलचक भाषण होतं. वासुदेवराव ते एका दमात म्हणतो, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. खरी गोष्ट मला ठाऊक होती, कारण मी हातभर अंतरावर उभा असे. भाषणाच्या मध्यावर तो लाजल्यासारखा पदर ओठांशी नेई आणि त्याआड श्वास चोरून घेई. इतक्या सफाईनं, की लोक त्या लाजण्यालाच टाळ्या देत.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत वासुदेवरावाला वर्ध्याला भरती करावं लागलं. ऑक्सिजन लागला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी सकाळी कपाशी-पऱ्हाटीच्या गप्पा झाल्या आणि दुपारी ती खाट रिकामी झाली. तिथून तो परत आला तेव्हा गावानं त्याला हार घातला. फोनवर मला म्हणाला, "महाराज, यमाले वन्स मोअर नाई देला!" मी पोटभर हसलो. संकट टळलं, असंच मीही धरून चाललो होतो.

दिवाळीच्या तोंडावर त्याला भेटायला गेलो. कापूस वेचायला मजूर लागले होते आणि हा मात्र ओसरीत बाजेवर, पाठीशी उशांचा ढीग लावून बसलेला. चेहरा भरलेला दिसला.

देवकाबाईंनी कौतुकानं सांगितलं, "आता अंग भरून राह्यलं, भाऊजी. रोज रस्सा देते, संगं लोणचं, पापड. चपलाही घट्ट व्हाले लागल्या पायाले."

"आणि झोप?"

"झोपते ना. पण बसूनच. आडवं पडलं की कसंतरी होते म्हणते."

"तू काऊन सांगते त्याले?" वासुदेवराव तिच्यावर डाफरला. मग माझ्याकडे वळून त्यानं शेताची कथा लावली. बोंडअळी, मजुरांचे नखरे, जावयाची नवी मोटारसायकल. बोलता बोलता त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक ओठांशी नेलं. थोडं बोलला, पुन्हा नेलं.

देवकाबाई म्हणाल्या, "बिमारीपासून ही सवयच लागली. धुळीले भेते."

ती सवय बिमारीपासूनची नव्हती. मी ती चाळीस वर्षांपूर्वी हातभर अंतरावरून पाहिली होती. फरक एवढाच, की तेव्हा सबंध भाषणात एकदा जाणारा पदर आता दर वाक्याला जात होता.

"राणीसाहेब, दवाखान्यात चला."

"कायले? मले काई झालं नाई."

"दम लागून राह्यला तुले."

"वय झालं, लेका. तू काय जवान आहेस?" तो हसला, आणि हसू संपायच्या आत दुपट्टा वर गेला. मग हळूच म्हणाला, "मले पुन्हा त्या खाटेवर नको नेऊ, अण्णाजी. तिथून एकदा सुटलो."

मी रात्रभर तिथेच राहिलो. सकाळी ऑटो बोलावला, देवकाबाईंनी डोळ्यांत पाणी आणून त्याला उठवलं आणि आम्ही सावंगीच्या दवाखान्यात आलो. वाटेत मी त्याच्या प्रत्येक श्वासाशी माझा श्वास जुळवून पाहत होतो आणि दर वेळी मागे पडत होतो.

डॉक्टर बाई तरुण होत्या, ऋचा नावाच्या. त्यांना पाहताच वासुदेवराव ताठ बसला. मान डौलदार, चेहऱ्यावर हसू. प्रेक्षक समोर आले होते ना!

"काय त्रास होतो, काका?"

"काई नाई, मॅडम. एकदम फर्स्टक्लास. ह्याले फुकटची काळजी." दुपट्टा वर गेला, खाली आला.

आता मात्र मला राहवेना. "मॅडम, एक विनंती. याला एक भाषण येतं. ते म्हणू द्या. आणि वासुदेवा, दुपट्टा माझ्याकडे दे. हात मांडीवर."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू भर प्रयोगात मी त्याचं लुगडं ओढलं होतं. पण नट तो नट. सुरुवात केली.

"महाराज, आपण रणात निघालात तेव्हा मी उंबरठ्यावर... दिवा..."

तिथेच थांबला. तोंड उघडं, खांदे वर, बोटं मांडीत रुतलेली. ज्या भाषणाला गाव टाळ्या द्यायचं, ते दिव्याच्या पुढे जाईना. डॉक्टर बाई उठल्या, छातीला नळी लावून ऐकलं आणि मग त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

हृदयाचा इको झाला, रक्त तपासलं. संध्याकाळी त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. करोना फुप्फुसापुरता थांबत नाही. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, कुठे रक्ताच्या गुठळ्या होतात, मूत्रपिंडालाही मार बसतो. वासुदेवरावाचं हृदय निम्म्या ताकदीनं चाललं होतं, बहुधा त्याच आजारानं. मूत्रपिंडंही थकली होती. अंग भरलं नव्हतं, अंगात पाणी साठलं होतं.

"आणि मी त्यायले रोज पापड देत होती," देवकाबाई पुटपुटल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या.

"तुम्हाला कसं कळणार, काकू? आता मीठ कमी, पाणी मोजून, औषध रोज," डॉक्टर बाई म्हणाल्या.

"बरा होईल ना?" मी विचारलं.

"काहींचं हृदय सावरतं, काहींचं तेवढं नाही. औषधं सुरू करू आणि पाहू."

त्याला भरती केलं. शेजारची खाट रिकामी होती. त्यानं तिकडे पाठ केली आणि माझा हात धरून ठेवला. मी तिथून हललो नाही.

आता तो घरी आहे. सूज उतरली, चेहरा उतरला, गालाची हाडं पुन्हा दिसू लागली. पुढच्या आठवड्यात परत इको आहे आणि फोन वाजला की मी अजून धावतच उचलतो. परवा गेलो, तर ओसरीत बसला होता. दुपट्टा दांडीवर वाळत होता.

"महाराज," तो म्हणाला, आणि थांबला. उघड्या तोंडानं, माझ्यासमोर, सावकाश श्वास घेतला. देवकाबाई दारात उभ्या राहिल्या. "आपण रणात निघालात तेव्हा..." पुन्हा थांबला.

मी राजा. माझं पुढचं वाक्य तयार होतं. पण मी वाट पाहत बसलो.