मागच्या सीटवरचं चित्र

माझं चित्र म्हणजे नसती उठाठेव, असं नवरा म्हणतो, आणि ते खरंच आहे. आधी लाकडाचा ठसा कोरायचा, शाई लावून पातळ कागदावर छापायचा, मग तो कागद फळीवर चिकटवून वर वितळलेल्या मेणाचा थर द्यायचा. थर नितळ बसला तर खालचा छाप नदीतल्या खड्यांसारखा दिसतो. बिघडला तर सगळं दुधाळ.

बारा वर्षं चित्रं पलंगाखाली रचत होते. यंदा इथे मस्कतमधल्या कुरुम भागातल्या एका कलादालनाने पहिल्यांदाच एक चित्र बघायला मागवलं, आवडलं तर प्रदर्शनात लावणार होते. आणि नेमकं तेच दुधाळ झालं. आम्ही राहतो त्या दार्सैतच्या गच्चीवरच्या टाक्या आणि दोऱ्यांवरचे कपडे मी महिनाभर कोरले होते, ते पार धुक्यात गेले.

मी रडकुंडीला आले. नवरा म्हणाला, खलास म्हणून बसण्यापेक्षा दाखवून तर येऊ. त्याने चित्र मागच्या सीटवर आडवं ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून वर वर्तमानपत्राचं पान पसरलं. सासूबाई रत्नागिरीहून आमसुलं पाठवतात, त्यांना गुंडाळलेली मराठी पानं मी टाकत नाही. इस्त्री करून, वाचून जपून ठेवते. त्यातलंच ते.

वाटेत चहा-पराठ्याला थांबलो. जून महिना, भर दुपार, गाडी उन्हात. दुसरा पराठा तोंडात असताना मला मेण आठवलं. मी अशी धावले की एक चप्पल टेबलाखालीच राहिली.

मेण वितळून पान त्याला चिकटलं होतं. गरम होतं तोवरच ते हळूहळू सोललं. उन्हाने थर नितळ झाला होता, खाली टाक्या लख्ख दिसत होत्या. आणि वर आभाळभर पानाची शाई उतरली होती, उलट्या अक्षरांत. ठसे कोरून मला उलटं वाचायची सवय, त्यामुळे लगेच कळलं: वधू पाहिजे. एक 'गृहकृत्यदक्ष' तर दोरीवर बनियनशेजारी वाळत होती. मी हसत सुटले ती थांबेचना. नवऱ्याला वाटलं, हिला ऊन लागलं.

दालनातल्या ओमानी बाई चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आभाळात काय लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मी लग्नाच्या जाहिरातींपासून पराठ्यापर्यंत सगळं खरं सांगून टाकलं. आता चित्र परत मिळणार, अशी माझी खात्री झाली.

"हे लावतोय," त्या म्हणाल्या. "शेजारी अशीच आणखी दोन हवीत. जमतील?"

"इन्शाल्ला," माझ्या आधी नवराच बोलून बसला.

मला तिथेच नाचावंसं वाटत होतं. घरी येताच सासूबाईंना फोन करून आमसुलं मागवली आणि कागद जरा सढळ हाताने गुंडाळा म्हणून सांगितलं. पार्सल आलं त्या शुक्रवारी सगळं मस्कत गाडीसाठी सावली शोधत होतं. आमचे हे तेवढे मागच्या सीटवर फळी ठेवून, झाडाखालच्या दोन रिकाम्या जागा सोडून, ऊन शोधत फिरत होते.